मित्रवार्ता आणि चाळणी

मनुष्याला आपल्या मित्रांची खबर हवी असते, आणि ती फार झाली म्हणजे नकोशी होते. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात. पण दोन्ही खऱ्या आहेत. सकाळीं उठून फोन हातांत घेणाऱ्या कोणत्याहि कुटुंबांत हा अनुभव रोजचा आहे. फेसबुकावर कोणाच्या नातवाचा वाढदिवस असतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत साठ जणांनीं फुलांच्या चित्रासह सुप्रभात म्हटलेलें असतें, इन्स्टाग्रामवर कोणी महाबळेश्वरास जाऊन आलेला असतो, आणि या सर्वांच्या खालीं कोठें तरी एका जुन्या स्नेह्याच्या आजाराची दोन ओळींची वार्ता पडलेली असते. ती दृष्टीस पडेलच असा भरंवसा नाहीं. तेव्हां प्रश्न असा उभा राहतो कीं, मित्रांकडून येणाऱ्या वार्तांतून घ्यावें काय, सोडावें काय, आणि हें ठरवावें कोणीं?

हा प्रश्न फोनाबरोबर जन्मास आला अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु तो दोन हजार वर्षांचा जुना आहे. काळाप्रमाणें बदलत गेली ती एवढीच गोष्ट कीं, वार्तांची चाळणी कोणाच्या हातीं असावी. कधीं ती लिहिणाऱ्याच्या हातीं होती, कधीं घेणाऱ्याच्या. आणि गेल्या वीस वर्षांत ती बरीचशी तिसऱ्याच कोणाच्या हातीं गेली. श्रोतेहो, या हस्तांतराचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

प्रारंभ प्राचीन रोमपासून करूं. ख्रिस्तपूर्व ५१ सालीं सुप्रसिद्ध वक्ता सिसरो याला किलिकिया प्रांताचा अधिकारी म्हणून जावें लागलें. हा प्रांत आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर होता. राजधानी सोडणें सिसरोच्या अगदीं जिवावर आलें होतें. म्हणून त्यानें कीलियस रूफस नांवाच्या आपल्या तरुण मित्राला, रोममधील हालहवाल कळवीत जा, असें सांगून ठेविलें. कीलियस पत्र लिहिण्याच्या कामांत आळशी होता. त्यानें पैसे देऊन माणसें लाविलीं, शहरांतील यच्चयावत् बातम्यांचें एक बाड तयार करवून घेतलें, आणि तें आपल्या पत्रासोबत रवाना केलें. त्यांत सीनेटचे ठराव होते, जाहीरनामे होते, गप्पा होत्या आणि अफवाहि होत्या. हा मासला पसंत नसेल तर तसें कळवा, म्हणजे तुमच्या डोक्याला त्रास नको आणि माझ्या खिशाला खर्च नको, असेंहि त्यानें मोकळेपणानें लिहिलें होतें.

सिसरोनें अथेन्सहून जें उत्तर पाठविलें तें आजहि उपलब्ध आहे. त्याचा आशय असा कीं, कुस्तीगीरांप्रमाणें आखाड्यांत उतरणाऱ्या योद्ध्यांच्या जोड्या कशा लागल्या, कोणते खटले पुढें ढकलले गेले, कोठें चोरी झाली, हें कळविण्याचें काम का मीं तुला सांगितलें होतें? मी रोममध्यें असतों तर असल्या गोष्टी माझ्या कानावर घालण्याची कोणाची छाती झाली नसती. राजकारणांतील मोठ्या घडामोडीदेखील इतर लोक मला लिहितीलच. तुझी दृष्टि दूरवर जाते; तेव्हां पुढें काय होणार दिसतें, तें तूं लिही.

या उत्तरांत आपल्या विषयाचें मर्म आलें आहे. मित्राकडून येणाऱ्या वार्तांत दोन जाती असतात. एक जी कोणाहि कडून कळली असती, आणि दुसरी जी या एका मित्रावांचून दुसरा कोणी सांगूं शकला नसता. सिसरोला दुसरी हवी होती. पहिलीचें बाड त्याच्या पदरीं पडलें. कीलियसनें चाळणी भाडोत्री माणसांच्या हातीं दिली, त्याचा हा परिणाम होता. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. सिसरोनें मैत्री तोडली नाहीं. काय हवें आणि काय नको, तें त्यानें स्पष्ट सांगितलें, आणि दोघांचा पत्रव्यवहार पुढें चालू राहिला.

सिसरो हा बडा मनुष्य होता. त्याचीं पत्रें नेण्यास स्वतंत्र जासूद मिळत. सामान्य माणसाच्या दारांत मित्रवार्ता आणून पोहोंचविली ती टपालानें, आणि तीहि फार उशिरां. इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचें हंशील सामान्यतः पत्र घेणाऱ्यानें द्यावें असा प्रघात होता. किती मैल आणि किती कागद यांवरून आकार ठरे. अंतर लांब असल्यास गरीब माणसाच्या दिवसाच्या मजुरीला कात्री लागे. त्यामुळें लिहिणारा आधीं विचार करी कीं, माझ्या या मजकुरासाठीं मित्रानें पैसे मोजावे काय? आणि घेणाऱ्यालाहि पत्र न स्वीकारतां परत करण्याची मुभा होती. म्हणजे चाळणी दोन्ही हातांत होती. ती मैत्रीला जाचक होती, गरिबांना तर फारच जाचक होती, हें खरें. पण ती होती.

रोलंड हिल या गृहस्थानें १८३७ सालीं एक पुस्तिका लिहून ही पद्धति बदलण्याची सूचना केली. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचें पत्र इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमध्यें कोठेंहि एका पेनीस जाऊं लागलें, आणि त्याच वर्षाच्या ६ मे रोजीं चिकटविण्याचें तिकीट प्रचारांत आलें. पैसे पाठविणाऱ्यानें आगाऊ भरावयाचे असें ठरलें. १८३९ सालीं सुमारें ७ कोटि ६० लक्ष पत्रें गेलीं होतीं. १८४० सालीं तीं सुमारें १६ कोटि ९० लक्ष झालीं. एका वर्षांत दुपटीहून अधिक! हंशील उतरलें कीं वार्तांचा पूर वाढतो, हा नियम येथें प्रथम आंकड्यांनीं सिद्ध झाला. पुढें जें जें घडलें तें या नियमाचाच विस्तार आहे.

हिंदुस्थानांत १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व देशभर एक दर झाला. पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें पुण्याहून साताऱ्यास जावो किंवा पेशावरास. १ जुलै १८७९ रोजीं पोस्टकार्ड निघालें, तें पाव आण्याचें, म्हणजे त्या वेळच्या एका पैशाचें. तरीहि तिकीट न लावतां पत्र टाकण्याची जुनी खोड आपल्या लोकांना दीर्घकाळ होती. असें पत्र ज्याच्या नांवें येई त्याला दुप्पट हंशील भरावें लागे. त्याला पुढें लोक नॉट-पेड म्हणत, आणि तें सोडवून घ्यावें कीं परत करावें यावर घराच्या उंबऱ्यांत खल होत असे.

आपल्या महाराष्ट्रांत या पैशाच्या कार्डानें एक वेगळीच शिस्त निर्माण केली. कार्डावर जागा बेताची. वर श्री, मग तीर्थरूप किंवा चिरंजीव, साष्टांग नमस्कार किंवा अनेक आशीर्वाद, आणि शेवटीं कळावें, लोभ असावा ही विनंति. मायन्यांत आणि समारोपांत बरीच जागा जाई. उरलेल्या ओळींत महिन्याभराची हकीकत बसवावयाची म्हणजे लिहिणाऱ्याला निवड करणें भागच पडे. शिवाय कार्ड उघडें. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, आणि घरांत तर तें मोठ्यानेंच वाचलें जाणार. म्हणून चारचौघांत सांगण्याजोगें तें कार्डावर, खासगी तें पाकिटांत आणि अत्यंत निकडीचें तें तारेनें, अशी वर्गवारी न शिकवितां झाली होती. दारांत तारवाला दिसला कीं मजकूर कळण्यापूर्वींच घरांतील माणसांच्या पोटांत गोळा येई. अशुभाच्या पत्रावर श्री घालीत नसत, आणि तें वाचून झाल्यावर फाडून टाकीत. पत्र हातीं पडतांच पहिल्या दृष्टिक्षेपांत त्याचें वजन समजे. मुंबईच्या गिरणगांवांतील चाकरमानी कोंकणांत मनिऑर्डर पाठवी, तिच्या कुपनावर दोन ओळींची जागा असे. तेवढ्या जागेंत तो स्वतःची प्रकृति, पैशाचा हिशेब आणि गणपतीला येतों कीं नाहीं एवढें लिही. दूर असलेल्या बायकोला त्या दोन ओळी पुरत. कारण त्यांत टाकाऊ असें कांहीं नसे.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतु नाहीं. तिच्यांत दुःखें पुष्कळ होतीं. लिहितां न येणाऱ्याला दुसऱ्याचे पाय धरावे लागत, वार्ता पोहोंचेपर्यंत आजारी माणूस बरा झालेला असे किंवा गेलेला असे. सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, त्या काळीं पैसा, जागा आणि श्रम या तीन गोष्टी मुकाट्यानें चाळणीचें काम करीत होत्या. कोणालाहि तुझें पत्र नको असें म्हणण्याची पाळी येत नसे. तारखात्यानेंदेखील सणासमारंभाच्या शुभेच्छांसाठीं ठरीव वाक्यें करून त्यांना क्रमांक दिले होते. क्रमांक लिहून दिला कीं पलीकडे पूर्ण वाक्य पोहोंचे. आजच्या तयार चित्रांच्या सुप्रभाताचा हाच पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. पण त्याला दाम पडे, म्हणून तो रोज सकाळीं येत नसे. ही तारसेवा आपल्या देशांत जुलै २०१३ मध्यें बंद झाली.

आतां संगणकाच्या युगांत येऊं. संगणक तारांनीं एकमेकांस जोडले गेले, आणि पाठविणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. एक पत्र एकाला पाठविणें आणि पांचशें जणांना पाठविणें यांत श्रमाचा फरक राहिला नाहीं. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें पूर येणें क्रमप्राप्तच होतें, आणि त्यासोबत पहिली यांत्रिक चाळणीहि आली. अमेरिकेंत यूसनेट नांवाची सार्वजनिक चर्चेची एक व्यवस्था १९८० च्या सुमारास सुरू झाली होती. तिच्यावरील लेख वाचण्यासाठीं लॅरी वॉल यानें १९८४ सालीं एक साधन रचलें. ज्या माणसाचे किंवा ज्या विषयावरचे लेख आपणांस पाहावयाचे नसतील, त्यांची यादी त्यांत देतां येत असे; मग ते लेख डोळ्यांपुढें येतच नसत. तेथील लोक परस्परांना बहुधा अनोळखी होते, त्यामुळें यादींत घातल्याचा विषाद फारसा कोणास वाटला नसावा. मित्रांच्या बाबतींत मात्र गोष्ट नाजूक असते. १९९९ सालीं ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुणानें आपल्या शाळासोबत्यांची खबर राहावी म्हणून लाइव्हजर्नल काढलें. त्यांत सर्व मित्रांच्या रोजनिशा एका पानावर एकाखालीं एक येत, आणि मित्रांचे गट पाडून हवा तो गट तेवढा वाचण्याची सोयहि होती. येथें मित्रवार्तेच्या चाळणीला प्रथम रूप आलें, आणि ती वाचणाऱ्याच्या हातीं होती.

फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत सुरू झालें. पहिलीं अडीच वर्षें तेथें असा क्रम होता कीं, मित्राची खबर हवी असेल तर त्याच्या पानावर जाऊन पाहावें. जणूं त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी तसें. ५ सप्टेंबर २००६ रोजीं कंपनीनें ही रीत पालटली. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या पहिल्याच पानावर, सर्व मित्रांनीं काय काय केलें याची एक अखंड यादी वाहूं लागली. तिला न्यूज फीड असें नांव दिलें. कोणी कोणाचा मित्र झाला, कोणी चित्र बदललें, कोणाचें प्रेमप्रकरण मोडलें, सारें त्यांत येऊं लागलें. यांतील एकहि गोष्ट पूर्वीं गुप्त नव्हती. पण उंबरा ओलांडून पाहणें निराळें आणि दवंडी पिटणें निराळें. तरुण सभासदांत मोठी खळबळ उडाली. गंमत अशी कीं, त्यांनीं निषेधाचे गट फेसबुकावरच काढले, आणि थोड्याच दिवसांत लक्षावधि लोक त्यांत सामील झाले. ही गोष्ट इतक्या वेगानें पसरली तीहि न्यूज फीडमुळेंच. संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनीं चूक झाल्याचें कबूल करून, आपली कोणती हालचाल यादींत जावी हें ठरविण्याच्या कांहीं कळा सभासदांना दिल्या. यादी मात्र राहिली ती राहिलीच.

पुढें मित्रांची संख्या वाढली. ऑगस्ट २०१३ मध्यें फेसबुकनें स्वतः सांगितलें कीं, सरासरीनें एका सभासदापुढें येऊं शकतील अशा १५०० वार्ता असतात, आणि त्यांतून सुमारें ३०० निवडून पुढें आणल्या जातात. निवडतो कोण? गणिताची एक ठरीव रीत, जिला अल्गोरिदम म्हणतात. त्या रीतीचें मूळचें तत्त्व कंपनीनें २०१० सालीं सांगितलें होतें: ज्या मित्राशीं तुमची देवघेव अधिक, त्याची वार्ता वर, ज्या वार्तेवर लोक अधिक बोलतात ती वर, आणि जुनी झालेली खालीं. ऐकावयास हें वाजवी वाटतें. पण शाळेंत ज्यानें चार वर्षें काढलीं आहेत त्याच्या ध्यानांत यांतील दोष चटकन येईल. वर्गांत जे विद्यार्थी हात वर करतात त्यांनाच मास्तर विचारीत राहिला, तर तेच अधिकाधिक बोलूं लागतात, आणि मागच्या बाकावरील अबोल मुलाचा आवाज वर्षभर कानीं पडत नाहीं. त्याला कांहीं येत नसतें असें नाहीं. त्याला कोणी विचारलेलें नसतें. या यंत्राच्या वर्गांत हजेरी घेतली जात नाहीं. जो बोलतो तो हजर, आणि जो गप्प तो जणूं पटावरच नाहीं.

चाळणी दुसऱ्याच्या हातीं गेल्याचा अर्थ २०१४ च्या जूनमध्यें जगाला लख्ख कळला. अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित विज्ञान-नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यावरून समजलें कीं, जानेवारी २०१२ मध्यें एक आठवडाभर फेसबुकनें ६,८९,००३ सभासदांवर एक प्रयोग केला होता. कांहींच्या यादींतून मित्रांच्या आनंदी मजकुरांपैकीं कांहीं गाळले, कांहींच्या यादींतून दुःखी मजकुरांपैकीं कांहीं गाळले, आणि त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो तें पाहिलें. परिणाम आढळला, पण तो अगदीं अल्प होता. प्रश्न परिणामाच्या आकाराचा नव्हता. त्या आठवड्यांत कोणा मित्रानें आपलें दुःख लिहिलें असेल, आणि तें त्याच्या सोबत्याला दाखवावयाचें कीं नाहीं हें प्रयोगाच्या सोयीनें ठरलें असेल. दोघांपैकीं कोणालाहि याची वार्ता नव्हती. सभासद होतांना मान्य केलेल्या नियमांत यास संमति येते, असें निबंधकर्त्यांचें म्हणणें होतें. लोकांना तें पटलें नाहीं, आणि त्या नियतकालिकालाहि याविषयीं काळजी व्यक्त करणारी टीप द्यावी लागली.

याच सुमारास वाचणाऱ्याच्या हातीं कांहीं लहान चाळण्या परत येऊं लागल्या होत्या. पूर्वीं मार्ग एकच होता, तो मैत्री तोडण्याचा. त्यासाठीं इंग्रजींत अनफ्रेंड हें क्रियापद इतकें रूढ झालें कीं, न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीनें २००९ चा विशेष शब्द म्हणून त्याची निवड केली. परंतु मित्राच्या मांजराचीं छायाचित्रें नकोत म्हणून मित्रच नको असें कोण म्हणेल? जून २०११ मध्यें गूगलनें गूगल प्लस काढलें, तेव्हां त्यांत आप्त, मित्र, ओळखीचे अशीं वर्तुळें पाडून माणसें त्यांत ठेवण्याची सोय हीच मुख्य म्हणून मिरविली. फेसबुकनेंहि त्याच वर्षीं निकटचे मित्र आणि ओळखीचे अशा याद्या दिल्या. कल्पना चांगली होती. पण मैत्री ही धान्याच्या कोठारासारखी कप्प्यांत राहणारी वस्तु नव्हे. आजचा ओळखीचा उद्यां जिवलग होतो, आणि जिवलगाशीं वर्षवर्ष बोलणें होत नाहीं. कप्पे रोज कोण लावणार? गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्यें सामान्य लोकांसाठीं बंद झालें.

लोकांनीं स्वीकारली ती दुसरीच युक्ति: मैत्री ठेवावी, आवाज बंद करावा, आणि तें त्याला कळूं देऊं नये. फेसबुकावर मित्र राहूनहि त्याच्या वार्ता न घेण्याची सोय झाली. २०१५ मध्यें निवडक माणसांच्या वार्ता सर्वांत आधीं दाखविण्याची. आणि डिसेंबर २०१७ मध्यें एखाद्याला तीस दिवसांपुरतें गप्प करण्याची. ट्विटर, ज्याला २०२३ पासून एक्स म्हणतात, त्यानें मे २०१४ मध्यें, आणि इन्स्टाग्रामनें मे २०१८ मध्यें, म्यूट करण्याची कळ दिली. व्हॉट्सअ‍ॅपवर गट सोडला कीं सर्वांना दवंडी जात असे. म्हणून नकोशा गटांत माणसें केवळ भिडेखातर राहत. ऑगस्ट २०२२ मध्यें ही दवंडी बंद झाली, आणि तें फक्त गटाच्या चालकाला कळूं लागलें. कोणी यास ढोंग म्हणतील. परंतु आपल्या घरांतून, मालक विश्रांति घेत आहेत असें पाहुण्याला सांगण्याची चाल कोणीं पाळली नाहीं? उघड नकार न देतां दार थोडें लोटून घेणें हा सौजन्याचाच एक प्रकार आहे. रॉबिन डनबार या इंग्रज शास्त्रज्ञानें १९९० नंतरच्या वर्षांत असें मत मांडलें कीं, मनुष्य सुमारें १५० माणसांशींच खरा संबंध राखूं शकतो, आणि त्यांतहि अगदीं जवळचीं पांचच असतात. आंकड्याविषयीं विद्वानांत वाद आहे. पण मर्यादा आहे याविषयीं ज्यानें मोठें कुटुंब सांभाळलें त्याला शंका येणार नाहीं.

ही केवळ सोयीची बाब आहे असें मात्र कोणीं समजूं नये. २०१८ सालीं मुलें पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर पसरली. ती कोणा शत्रूनें घरोघर आणून दिली नव्हती. मित्रांनीं मित्रांना, आप्तांनीं आप्तांना काळजीपोटीं पुढें धाडली होती. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं जमावानें त्या संशयानें भटक्या जमातींतील पांच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपनें हिंदुस्थानांत एक मजकूर एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां येईल असें बंधन जाहीर केलें. जानेवारी २०१९ मध्यें तें सर्व जगास लागू झालें. एप्रिल २०२० मध्यें, पुष्कळदां पुढें गेलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं जाईल असें ठरलें, आणि त्यामुळें असले मजकूर ७० टक्क्यांनीं घटले असें कंपनीनें सांगितलें. इतिहासाच्या दृष्टीनें हें मोठें मौजेचें आहे. पैशाच्या कार्डानें जी अडचण आपोआप घातली होती, तीच येथें हेतुपूर्वक पुन्हा निर्माण करावी लागली. तिकीट पुन्हा लावलें. फक्त तें पैशाऐवजीं श्रमाचें.

शेवटचें प्रकरण अगदीं अलीकडचें आहे. एप्रिल २०२५ मध्यें अमेरिकेच्या एका न्यायालयांत फेसबुकच्या मूळ कंपनीविरुद्ध, म्हणजे मेटाविरुद्ध, सरकारी खटला चालला. त्यांत कंपनीनेंच असे आंकडे पुढें ठेविले कीं, फेसबुकावर लोक जो वेळ घालवितात, त्यांपैकीं मित्रांचा मजकूर पाहण्यांत केवळ १७ टक्के जातो, आणि इन्स्टाग्रामवर केवळ ७ टक्के. बाकी सारा अनोळखी लोकांच्या चित्रफितींत आणि इतर गोष्टींत. मित्रांची गर्दी फार झाली म्हणून चाळणी आणली, आणि अखेरीस चाळणींतून मित्रच खालीं पडले! कीलियसच्या भाडोत्री माणसांनीं सिसरोला आखाड्यांतील जोड्या कळविल्या होत्या. आज तेंच काम यंत्र करीत आहे, आणि सिसरोप्रमाणें उलट पत्र लिहिण्याचें मात्र आपण विसरलों आहों.

वास्तविक तें पत्र लिहिण्याची सोय आहे. जुलै २०२२ पासून फेसबुकावर, काळाच्या क्रमानें केवळ मित्रांचा मजकूर दाखविणारें निराळें पान आहे. तें शोधून उघडावें लागतें एवढेंच. युरोपांत ऑगस्ट २०२३ पासून कायद्यानेंच अशा मोठ्या कंपन्यांवर, वाचणाऱ्याच्या आवडीनिवडीचा माग न घेतां रचलेली यादी मागेल त्याला देण्याचें बंधन घातलें आहे. घरोघरच्या वृद्धांना हीं साधनें नातवंडांनीं एकदां बसून दाखविलीं, तर अर्ध्या तासाचें काम आहे.

परंतु कळ दाबून निम्मेंच काम होतें. बोलक्यांचा आवाज कमी करणें सोपें आहे. अबोलांना विचारणें ही खरी निवड होय. ज्या स्नेह्याचें नांव गेल्या सहा महिन्यांत आपल्या फोनावर आलें नाहीं, तो सुखांत आहे असें यंत्राच्या मौनावरून ठरवितां येत नाहीं. अशा नांवांची एक यादी कागदावर करावी, आठवड्यांतून एक नांव घ्यावें, आणि त्याला फोन करून, तूं कसा आहेस, असें विचारावें. हजेरी घेणें म्हणतात तें हेंच. आणि आपण स्वतः कांहीं धाडण्यापूर्वीं सिसरोची कसोटी लावावी: ही वार्ता माझ्यावांचून त्याला दुसरा कोणी सांगूं शकेल काय? शकेल, तर ती न धाडल्यानें मैत्रीचें कांहीं नुकसान होत नाहीं. शकणार नसेल, तर ती दोनच ओळींची असली तरी अवश्य धाडावी. मनिऑर्डरच्या कुपनावर त्याहून अधिक जागा नव्हती, आणि तेवढ्यावर घरें चालत होतीं.